साक्ष आणि सजावट

आपल्याकडे स्मारकांवर पुष्कळ बोलले जाते. पण स्मारकांची समीक्षा होत नाही. स्मारक व्हावे की होऊ नये, कोठे व्हावे, किती उंच व्हावे, पैसा कोणी द्यावा, यांवर सभा होतात, ठराव होतात, प्रसंगी मोर्चेही निघतात. ते एकदा उभे राहिले की हार घालण्यापलीकडे आपले काही काम उरत नाही. कादंबरी फसली असेल तर ती फसली असे आपण म्हणतो. तिचा विषय थोर आहे म्हणून तिला माफी देत नाही. स्मारकाच्या बाबतीत मात्र विषयाची थोरवी हाच त्याचा बचाव ठरतो. जेथे माणसे मेली तेथे घाटाची चर्चा कसली करायची, असा एक संकोच आपल्या मनात असतो. हा संकोच सज्जनपणाचा आहे, पण उपयोगाचा नाही. मेलेल्या माणसांना आता स्वतःचा आवाज नाही. त्यांच्या वतीने ती जागा बोलते. ती काय बोलते आणि कसे बोलते, हे तपासणे म्हणजे त्यांचा अनादर नव्हे. तो त्यांच्याविषयीच्या कर्तव्याचाच भाग आहे.

प्रस्तुत लेखात मी अशी एकच जागा मुख्यतः वाचणार आहे. ती म्हणजे अमृतसरची जालियनवाला बाग. 'वाचणार' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पुतळा कोठेही उभारता येतो. शिवाजी महाराजांचा पुतळा पुण्यात असला काय आणि नागपुरात असला काय, त्याचा आशय बदलत नाही. पण अत्याचाराची जागा ही हलवता येत नाही. तिथली भिंत, तिथली विहीर, तिथली वाट हीच त्या संहितेची अक्षरे असतात. शिल्पकार नंतर येतो, आणि त्याच्या हाती कोरा कागद नसून आधीच लिहिलेला मजकूर असतो. तेव्हा अशा स्मारकाला लावायचा पहिला प्रश्न असा: मूळ मजकूर वाचता येतो का?

जालियनवाला बागेतला मूळ मजकूर एका गल्लीत आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीच्या दिवशी, ब्रिगेडियर जनरल डायर ५० बंदूकधारी शिपाई, ४० खुकरीधारी गुरखे आणि मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या घेऊन बागेकडे आला. गाड्या बाहेरच राहिल्या. गल्ली अरुंद होती. गाड्या आत शिरेनात. गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगनही बहुधा चालवल्या असत्या, असे त्याने पुढे हंटर समितीसमोर सांगितले. शिपाई चालत आत गेले, उंचवट्यावर डावी-उजवीकडे उभे राहिले, आणि पांगण्याची सूचना न देता गोळीबार सुरू झाला. तो सुमारे दहा मिनिटे चालला. १,६५० फैरी झाडल्या गेल्या. गर्दी जिकडे दाट होती तिकडे नेम वळवला गेला. बागेला चहूकडून घरांच्या पाठभिंती होत्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या नि अरुंद होत्या.

आता ही गल्ली नीट पाहा. तिच्या अरुंदपणामुळे मशीनगन बाहेर राहिल्या, म्हणून कित्येक जण वाचले. त्याच अरुंदपणामुळे, आणि तिच्या तोंडाशी शिपाई उभे असल्यामुळे, शेकडो जण आत अडकून मेले. जगवणारी आणि मारणारी गोष्ट एकच आहे आणि तिला हेतू नाही. हेतू फक्त माणसाला होता. पांगवायचेच असते तर गोळी न झाडताही बहुधा पांगवता आले असते, पण मग लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते, असे डायरने समितीसमोर कबूल केले. साऱ्या पंजाबवर नैतिक परिणाम घडवायचा होता, हा त्याचा खुलासा होता. जखमींची व्यवस्था पाहणे हे आपले काम नव्हते, इस्पितळे उघडी होती, असेही तो म्हणाला. या साक्षीत क्रौर्याचा आवेश नाही. कचेरीतल्या टिपणासारखी ती सरळ आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. एका अरुंद वाटेतून चालत जाताना, दोन्ही खांद्यांना भिंतींची जवळीक जाणवत असताना, पुढे मैदान एकदम उघडते. त्या क्षणी पाहणाऱ्याला हे सगळे कोणी न सांगता कळू शकते. आपण ज्या वाटेने आलो त्याच वाटेने बंदुका आल्या आणि आता परतीची वाट नाही, हा प्रत्यय पायांना येतो. कोणत्याही शिल्पकाराला याहून चांगली पहिली ओळ सुचली नसती.

या घटनेचे पहिले स्मारक दगडाचे नव्हते, शब्दांचे होते. काँग्रेसने पंजाबच्या चौकशीसाठी स्वतःची समिती नेमली. तीत गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. शेकडो साक्षी नोंदवल्या गेल्या आणि मार्च १९२० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा मसुदा प्रामुख्याने गांधींचा. जाणूनबुजून केलेली एकही अतिशयोक्ती त्यात नाही, आणि जिच्या खरेपणाबद्दल तिळमात्र शंका होती अशी एकही गोष्ट त्यात येऊ दिली नाही, असे गांधींनी आत्मकथेत म्हटले आहे. हे विधान मला वाङ्मयीन दृष्ट्याही महत्त्वाचे वाटते. सारा देश संतापलेला असताना, अतिशयोक्तीला कोणीही दोष दिला नसता अशा वेळी, लेखकाने विशेषणे आवरली. कारण त्याला वाचकाला रडवायचे नव्हते. वाचकाला नाकारता येऊ नये असे काही सांगायचे होते.

त्या अहवालात रतनदेवी नावाच्या बाईंची साक्ष आहे. त्यांचे घर बागेजवळ होते. गोळीबारानंतर त्या प्रेतांच्या राशींतून नवऱ्याला शोधत आल्या, तो मेलेला सापडला. संचारबंदीमुळे प्रेत उचलायला कोणी मिळेना. रात्रभर त्या तिथेच बसल्या. कुत्र्यांना हाकलण्यासाठी त्यांनी बांबूची काठी मिळवली होती. शेजारी एक बारा वर्षांचा मुलगा तळमळत होता. जाऊ नका, अशी त्याने विनवणी केली. नवऱ्याला सोडून मी कुठे जाणार, असे त्या म्हणाल्या. थंडी वाजत असेल तर पांघरूण घालू का, असे त्यांनी विचारले. त्याने पाणी मागितले आणि पाणी तिथे नव्हते. साक्ष जवळजवळ एवढीच आहे. तीत शाप नाही, घोषणा नाही, हौतात्म्य हा शब्दही नाही. काठी, कुत्री, पाणी. मराठीत आपण ज्याला संयम म्हणून गौरवतो तो पुष्कळदा लेखकाने कमावलेला असतो. इथे तो दुःखाच्या अंगचाच आहे.

ही साक्ष हा माझा निकष आहे. बागेत नंतर जे जे उभे राहिले त्याला मी असे विचारतो की, रतनदेवींच्या त्या रात्रीला इथे जागा आहे का?

जागा राखली गेली हे मोठेच काम झाले. १९२० साली लोकवर्गणी गोळा झाली आणि सुमारे पाच लाख रुपयांना ती जमीन विकत घेण्यात आली. त्याच वर्षी विलायतेत एका वर्तमानपत्राने डायरसाठी निधी उघडला आणि २६,००० पौंडांहून अधिक रक्कम जमवली. एकाच घटनेसाठी दोन देशांत दोन थैल्या फिरल्या. स्मरण ही आपोआप घडणारी गोष्ट नसून ती निवड असते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. १९५१ साली संसदेने स्मारकाचा कायदा केला. बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुकाराने आखलेल्या स्मारकस्तंभाचे उद्‌घाटन १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. लाल दगडाची ती ज्योत आहे. तिची रेखा स्वच्छ आहे आणि ती ओरडत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्योत हे स्वातंत्र्याचे प्रतीक आहे. १९१९ च्या त्या संध्याकाळी बागेत जमलेले सगळेच काही स्वातंत्र्यासाठी मरायला आले नव्हते. डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल यांच्या अटकेचा आणि रौलट कायद्याचा निषेध करायला कित्येक आले होते. कित्येक बैसाखीच्या जत्रेसाठी शहरात आले होते आणि विसावले होते. लहान मुले होती. त्या सर्वांना हुतात्मा म्हणताना आपण त्यांना मोठेपणा देतो, हे खरे; पण त्याचबरोबर त्यांच्या मरणाला एक अर्थ देऊन टाकतो. त्या बारा वर्षांच्या मुलाच्या मरणाला अर्थ नव्हता. अर्थ नव्हता हीच त्यातली भीषण गोष्ट आहे. ज्योत पेटली की हा काळोख थोडा मागे सरतो. तेव्हा सजावटीची सुरुवात अलीकडची आहे असे मानणे अन्यायाचे होईल. छान कातरलेली हिरवळ आणि फुलांचे ताटवे हेही तिचेच भाग होते.

परंतु १९६१ च्या घाटाने गल्लीला हात लावला नव्हता. तो २०२१ साली लागला. त्या वर्षी २८ ऑगस्टला नूतनीकरण केलेल्या बागेचे उद्‌घाटन झाले. मी ही बाग त्याआधी पाहिली होती आणि नंतरही पाहिली. आता गल्लीच्या दोन्ही भिंतींवर बागेकडे निघालेल्या स्त्रीपुरुषांच्या उठावाच्या मूर्ती आहेत. खाली नवी, गुळगुळीत फरशी आहे. ज्या विहिरीत जीव वाचवण्यासाठी लोकांनी उड्या घेतल्या आणि जिच्यातून १२० प्रेते काढली असे तिथला फलक सांगतो, ती काचेने बंदिस्त झाली आहे. ज्योतीभोवती कमळांचे तळे आहे. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. येण्याची वाट एक आणि जाण्याची दुसरी आहे.

यांतल्या एकेका गोष्टीचे समर्थन करता येईल, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शंभर वर्षांच्या विटा ढासळतात, डागडुजी लागतेच. रोज हजारो माणसे येतात. त्यांची ये-जा सुरळीत राहायला हवी. विहिरीत कोणी पडू नये हेही खरे. शिवाय खेड्यातून आलेल्या, इतिहास न वाचलेल्या माणसाला नुसत्या भिंतीवरून काय कळणार, असा एक लोकशाही आक्षेप आहे. तो मला हलका वाटत नाही. पण त्याचे उत्तर माहिती हे आहे. चार भाषांत नीट लिहिलेला फलक, त्या दिवसाचा नकाशा, हंटर समितीपुढची साक्ष, रतनदेवींची साक्ष, हे सारे बाजूच्या दालनात मांडता येते आणि मांडावे. भिंतीवर मूर्ती बसवून माहिती मिळत नाही. त्या पाहणाऱ्याला कसे वाटावे एवढेच सांगतात. आणि खेड्यातून आलेल्या माणसाला अरुंद वाट कळत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. उलट त्यालाच ती आधी कळेल.

खरी हानी त्या मूर्तींच्या सुबकपणात किंवा ओबडधोबडपणात नाही. त्या उत्कृष्ट असत्या तरी हानी तेवढीच झाली असती. गल्लीतून जाताना पूर्वी माणूस एकटा असे. तो आणि भिंत. आता भिंतीवर माणसे आहेत. तो त्यांच्याकडे पाहतो, त्यांच्या शेजारी उभा राहून छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. वाटेचे दालन झाले. जिथून बंदुका आल्या तीच ही वाट, हे आता फलकावर वाचूनच कळायचे. येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्यामुळे तर मूळ वाक्याचे क्रियापदच गेले. इथे परतीची वाट नव्हती, हाच त्या जागेचा आशय. तिथे आता परतीची सोय आहे. सोयीचा हेतू चांगला आहे. संपादकाने चांगल्याच हेतूने कवितेतली अडखळणारी ओळ सरळ करावी आणि कविता जावी, तसे हे झाले.

या जागेच्या नशिबी आलेला हा प्रकार अटळ नव्हता, हे दाखवण्यासाठी एक परदेशी उदाहरण देतो. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात अनेक वर्षे भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे ठेवलेले होते. पाहणारे त्यांच्यापाशी थबकत, मुले घाबरत. २०१७ साली ते पुतळे काढून टाकण्यात आले. २०१९ मध्ये मुख्य इमारत पुन्हा उघडली तेव्हा मांडणीचा भर खऱ्या वस्तूंवर होता: मेलेल्या मुलांचे फाटके गणवेश, जेवणाचे डबे, मागे राहिलेल्यांनी जपलेले किडूकमिडूक. पुतळे हटवू नका, त्यांच्यामुळेच भयानकता कळते, असे म्हणणारे तिथेही होते. पण संग्रहालयाने ठरवले की प्रतिकृतीपेक्षा वस्तूवर विश्वास ठेवायचा. हिरोशिमाने मूर्ती काढल्या त्यानंतर चारच वर्षांनी अमृतसरने मूर्ती बसवल्या. साधने दोघांकडेही होती. फरक पडला तो पाहणाऱ्यावरच्या विश्वासात.

इथवर मी घाटाविषयी लिहिले. पण घाटाचा प्रश्न शेवटी आशयाचाच असतो. आपल्याला सजावट का लागते? मला वाटते, सजावट जागेतला जो भाग आपल्याला नको असतो तो झाकते. जालियनवाला बागेत झाकण्याजोगे काय आहे? गोळ्या झाडण्याचा हुकूम इंग्रजाचा होता. पण बंदुका धरणारे हात गुरख्यांचे आणि सरहद्दीच्या पलटणींतल्या हिंदी शिपायांचे होते. त्याआधी तीन दिवस, १० एप्रिलला, लष्कराने जमावावर गोळीबार केला आणि खवळलेल्या जमावाने पाच युरोपियनांना ठार मारले. मार्सेला शेरवूड या मिशनरी बाईंना एका गल्लीत मरेस्तोवर मारहाण केली. त्यांना उचलून आसरा देणारे लोक हिंदीच होते. पुढे डायरने त्याच गल्लीत, कुचा कुऱ्हिछांमध्ये, हिंदी माणसाने पोटावर सरपटतच जावे असा हुकूम काढला. ज्या वस्तीतल्या लोकांनी त्या बाईंना वाचवले तिलाही तो लागू होता. या सगळ्यात आपला जमाव आहे, आपले शिपाई आहेत, आणि आपलेच ते नाव नसलेले भले लोकही आहेत. डायरच्या अपराधाचा भार यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र इतिहास मूर्तींच्या मिरवणुकीहून गुंतागुंतीचा होतो. ज्या स्मारकात ही गुंतागुंत मावत नाही ते आपल्याला केवळ निर्दोष ठरवते. निर्दोष ठरून बाहेर पडलेला माणूस काही शिकून बाहेर पडत नाही.

हिरोशिमाही या कसोटीवर सर्वस्वी उतरते असे नाही. बॉम्बने मेलेल्यांत हजारो कोरियन होते. जपानच्या साम्राज्याने त्यांना तिथे आणलेले किंवा यायला भाग पाडलेले. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडले. आपले दुःख आठवणे कोणालाही जमते. आपल्या दुःखाच्या आवारात आपण केलेल्या दुःखाला जागा देणे, ही स्मरणाची खरी परीक्षा आहे.

आणि म्हणूनच हा लेख अमृतसरवर थांबवणे मला अप्रामाणिक वाटते. मराठी वाचकाला जालियनवाला बाग सोपी आहे. तिथे आपण नव्हतो. आपल्याकडे पानिपत आहे. त्याचे स्मरण आपण भाषेतच कोरून ठेवले आहे. 'पानिपत झाले' म्हटले की अधिक सांगावे लागत नाही. पण त्याआधीच्या दोन दशकांत, १७४१ ते १७५१ या काळात, नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचे एक सरदार. गावे जाळली गेली, पिके गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नावच 'मराठा डिच' पडले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या प्रलयावर काव्य लिहिले. त्याचे नाव 'महाराष्ट्रपुराण'. आपल्या देशाच्या नावाचे पुराण आहे आणि ते आपल्यापैकी किती जणांच्या कानांवर आले आहे? बंगाली आया पिढ्यान्‌पिढ्या मुलांना निजवताना बर्गींची भीती घालत आल्या आहेत. 'बर्गी' हा शब्द आपल्या 'बारगीर'वरून गेला. मराठीत बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार. नोकरीतला एक दर्जा. बंगालीत तो अंधारात येणारा राक्षस झाला. शब्द एकच आणि दोन प्रांतांत दोन इतिहास. या घटनेचे कोणतेही स्मारक महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. बंगालमध्ये ते अंगाईत आहे.

याचा अर्थ मराठ्यांच्या पराक्रमाची लाज वाटून घ्यावी असा कोणी काढू नये. अठराव्या शतकातली युद्धे सर्वत्र अशीच चालत आणि बंगालचा नवाबही संत नव्हता. पण 'सर्वत्र असेच चालत असे' हे वाक्य डायरच्या बाजूनेही म्हणता येते, आणि विलायतेत ते म्हटलेही गेले. ते वाक्य त्याच्या तोंडी आपल्याला चालत नसेल तर आपल्या तोंडीही ते जपून वापरले पाहिजे.

काळ्या इतिहासाचे स्मारक आपल्याला अभिमान देत नाही आणि खरे म्हणजे शोकही देत नाही. शोक ज्यांचा होता ते गेले. ते फक्त एक अवघड प्रश्न आपल्या हाती देते: हे माणसांना करता कसे आले? तो प्रश्न जिवंत राहावा एवढेच स्मारकाचे काम. त्यासाठी फार काही लागत नाही. भिंत तशीच राहू द्यावी, वाट अरुंदच राहू द्यावी, आणि जे घडले ते विशेषणांवाचून लिहून ठेवावे. रतनदेवींनी एवढेच केले होते. त्यांच्या हातात काठी होती, आणि पहाटेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.